लायलचे ‘स्पिल-फ्री’ नरसाळे: कोमट हीटरवरचा स्वस्त आणि भरवशाचा इलाज

मिनेसोटाच्या हिवाळ्यात गाडीचा हीटर नीट चालणे हा सुरक्षिततेचा प्रश्न असतो. मिनियापोलिसमध्ये जानेवारीतील रात्रीचे किमान तापमान सरासरीने उणे 13 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. 30 जानेवारी 2019 रोजी ते उणे 33 अंशांपर्यंत उतरले होते, आणि याच राज्याच्या उत्तरेकडील टॉवर या गावी 2 फेब्रुवारी 1996 रोजी उणे 51 अंशांची नोंद झालेली आहे. अशा हवेत हीटर कोमट पडला, तर हातपाय गारठण्याच्या आधी समोरच्या काचेवर आतल्या बाजूने श्वासातील बाष्प गोठू लागते आणि रस्ताच दिसेनासा होतो. म्हणून हीटरच्या दुरुस्तीत मला अतिशय उपयोगी पडलेल्या एका साध्या हत्याराबद्दल सविस्तर लिहीत आहे. आयोवा राज्यातील क्लॅरिंडा या गावच्या लायल कंपनीचे ‘स्पिल-फ्री’ म्हणजे न सांडणारे नरसाळे, असे त्याचे नाव. गाडीच्या शीतन-व्यवस्थेत अडकलेली हवा काढण्यासाठी ते बनवलेले आहे, आणि त्या कामात ते उत्तम आहे. मात्र हीटर कोमट पडण्याची कारणे अनेक असतात आणि हे नरसाळे त्यांपैकी एकाच कारणावर चालते, त्यामुळे हीटरला नेमके काय झाले आहे हे ओळखल्याखेरीज ते विकत घेण्यात अर्थ नाही. या परीक्षणाचा मोठा भाग त्या ओळखण्यालाच दिला आहे.

आधी संचात काय मिळते ते सांगतो. पिवळ्या, अर्धपारदर्शक प्लास्टिकचे एक रुंद नरसाळे, रेडिएटरच्या तोंडावर नेहमीच्या झाकणाच्या जागी घट्ट बसणारी वेगवेगळ्या मापांची जोडझाकणे, एक सरळ जोडनळी, एक वाकडी जोडनळी आणि लांब दांड्याचे एक बूच, असा हा ऐवज आहे. दुकानानुसार किंमत साधारणपणे 25 ते 40 डॉलरांच्या दरम्यान पडते. साधे नरसाळे रेडिएटरच्या तोंडात नुसते टेकवलेले असते. इंजिन चालू करून गरम होऊ दिले की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, प्रसरण पावतो, उसळी मारते आणि बाहेर सांडते. हे नरसाळे मात्र तोंडावर पिळून बसवले जात असल्यामुळे रेडिएटरच्या वर कूलंटचा एक उभा साठा तयार होतो. इंजिन चालू असताना आतील हवा बुडबुड्यांच्या रूपाने त्या साठ्यातून वर निघून जाते आणि तिची जागा घेण्यासाठी तेवढेच कूलंट आपोआप खाली उतरते. काम संपल्यावर बूच लावले की नरसाळ्यात उरलेले कूलंट एक थेंबही न सांडता उचलून पुन्हा बाटलीत ओतता येते. रचना एवढीच आहे, आणि ती इतकी साधी असल्यामुळेच तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही.

आता हवेचा आणि हीटरचा संबंध काय, हे नीट समजून घ्यायला हवे. पेट्रोलच्या किंवा डिझेलच्या गाडीत हीटरसाठी वेगळी उष्णता निर्माण केली जात नाही. इंजिनाची जी उष्णता एरवी रेडिएटरमधून वाया जाते, तिचाच एक भाग आपण वापरतो. इंजिनातून तापून निघालेल्या कूलंटचा एक प्रवाह रबरी नळीतून डॅशबोर्डमागील एका छोट्या रेडिएटरकडे जातो, त्याला हीटर कोर म्हणतात. ब्लोअर त्याच्यावरून हवा फुंकतो आणि ती तापलेली हवा आपल्यापर्यंत येते. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार उघडमीट होणारी झडप, साधारणतः 82 ते 91 अंशांपर्यंत मोठ्या रेडिएटरकडचा रस्ता बंद ठेवतो, जेणेकरून इंजिन लवकर तापावे. बऱ्याच गाड्यांत हीटर कोर शीतन-व्यवस्थेतील उंचावरच्या भागांपैकी एक असतो, आणि अडकलेली हवा उंचावरची जागाच शोधते. कोरमध्ये हवा साठली की तेवढ्या भागातून कूलंट वाहत नाही. इंजिन मंद गतीने चालू असताना पाण्याचा पंपही हळू फिरतो, त्या कमी दाबाला हवेचा तो गोळा हलवता येत नाही, आणि हीटरमधून गार वारा येऊ लागतो. ॲक्सिलरेटर दाबला की पंपाचा जोर वाढतो, कूलंट कसेबसे पुढे सरकते आणि तात्पुरती ऊब येते. महामार्गावर गरम आणि सिग्नलला थांबले की थंड, हे या दुखण्याचे सर्वांत ओळखीचे लक्षण आहे. दुसरे लक्षण कानाला कळते: गाडी सुरू करताना किंवा वेग घेताना डॅशबोर्डच्या मागे पाण्याची खळखळ ऐकू येते.

या लक्षणांवर विसंबून लगेच नरसाळे मागवू नये, कारण कूलंट कमी झालेले असले किंवा पंपाची पाती झिजलेली असली तरी हीटर असाच वागतो. आधी एक सोपा प्रश्न सोडवावा: हवा कमी येते आहे, की हवा पुरेशी येते पण तापलेली नसते? हवाच कमी असेल तर कूलंटचा काहीही संबंध नाही. अशा वेळी हातमोज्यांच्या खणामागील केबिन फिल्टर उघडून पाहावा. दोन-तीन वर्षे न बदललेला फिल्टर पाने, धूळ आणि केस यांनी इतका गच्च भरलेला असतो की ब्लोअर पूर्ण वेगात असूनही हवा झिरपल्यासारखी येते. फिल्टर बदलायला पाच-दहा मिनिटे पुरतात आणि माझ्या ओळखीत अनेकांची हीटरची तक्रार तिथेच मिटली आहे. हवा जोरात येत असेल पण कोमट असेल, तरच पुढे जावे.

पुढची पायरी म्हणजे इंजिन खरोखर तापते का, हे पाहणे. वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवूनही तापमानाचा काटा मध्यापर्यंत येत नसेल, किंवा महामार्गावर वेग वाढल्यावर तो खाली उतरत असेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकला आहे असा संशय घ्यावा. कडक थंडीत असे झाले की मोठा रेडिएटर सगळी उष्णता बाहेर फेकतो आणि हीटरच्या वाट्याला काही उरत नाही. अनेक गाड्यांत अशा वेळी इंजिनचा दिवा लागतो आणि कोड वाचणारे छोटे यंत्र लावल्यास पी 0128 हा कोड दिसतो. कूलंट अपेक्षित तापमानाला पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ आहे. डॅशबोर्डवरील काट्यापेक्षा या यंत्रावर दिसणारा आकडा अधिक विश्वासार्ह असतो, कारण आधुनिक गाड्यांतील काटा बऱ्याच मोठ्या टप्प्यात मुद्दाम मध्यावरच स्थिर ठेवलेला असतो. थर्मोस्टॅट गेला असेल तर तो बदलावा लागतो. नरसाळ्याचे काम त्यानंतर येते, कारण थर्मोस्टॅट बदलताना कूलंट काढावे लागते आणि परत भरताना हवा आत शिरतेच.

इंजिन व्यवस्थित तापत असेल, तर हीटर कोरच्या दोन नळ्यांकडे वळावे. बोनेट उघडल्यावर इंजिन आणि प्रवासी भाग यांच्यामधल्या पत्र्यात शिरणाऱ्या, साधारण अंगठ्याएवढ्या जाडीच्या दोन समांतर रबरी नळ्या दिसतात; एकीतून कूलंट आत जाते, दुसरीतून परत येते. इन्फ्रारेड तापमापकाने दोन्हींचे तापमान मोजावे. हा तापमापक रबरावर धरावा, चकचकीत धातूच्या पट्टीवर किंवा ॲल्युमिनियमच्या भागावर धरू नये, कारण चकचकीत पृष्ठभाग इन्फ्रारेड किरण कमी सोडतो आणि आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी दिसतो. दोन्ही नळ्या चांगल्या गरम असतील, तर कोरपर्यंत उष्णता पोहोचते आहे आणि दोष हवेच्या बाजूला आहे, बहुधा गरम-थंड हवेचे मिश्रण करणाऱ्या झडपेत. ती झडप फिरवणारी छोटी मोटर बिघडली की डॅशबोर्डमागून टकटक असा आवाज येतो, आणि काही गाड्यांत चालकाच्या बाजूला गरम, तर शेजारच्या बाजूला थंड हवा येते. एक नळी गरम आणि दुसरी जेमतेम कोमट असेल, तर कोरमधून प्रवाह नीट वाहत नाही: एक तर आत हवा आहे, नाही तर कोर गाळाने तुंबला आहे. या दोहोंत फरक करण्यासाठी जोडीदाराला इंजिनाचा वेग दोन-अडीच हजार फेऱ्यांपर्यंत वाढवायला सांगून परतीच्या नळीवर लक्ष ठेवावे. हवा किंवा कमी कूलंट असेल तर परतीची नळी भराभर तापू लागते. कोर तुंबलेला असेल तर फारसा फरक पडत नाही.

आमच्या गाडीचे निदान याच मार्गाने झाले. पानगळीच्या दिवसांत एका गॅरेजमध्ये पाण्याचा पंप बदलून घेतला होता, आणि पहिली खरी थंडी पडली तेव्हा हीटरचे रडगाणे सुरू झाले. गाडी चालत असताना झरोक्यातून येणारी हवा 45 अंशांच्या आसपास असे. सिग्नलला थांबले की मिनिटाभरात ती 25 पर्यंत उतरे. कोड नव्हता, इंजिनाचे तापमान 88 अंशांवर स्थिर होते, आणि गाडी उभी असताना आत जाणारी नळी 80, तर परतीची नळी 38 अंश दाखवत होती. ॲक्सिलरेटर दाबल्यावर परतीची नळी डोळ्यांदेखत 60 च्या पुढे गेली. पंप नुकताच बदललेला, फिल्टर स्वच्छ आणि डॅशबोर्डमागे खळखळ, एवढे पुरावे हाती असताना हीटर कोर बदलण्याचा खर्चिक सल्ला ऐकण्याचे काहीच कारण नव्हते. हीटर कोरचा भाग स्वतः फार महाग नसतो. पण अनेक गाड्यांत तो काढण्यासाठी पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि मजुरीच हजार डॉलरांच्या घरात जाऊ शकते. त्यामुळे ते पाऊल अगदी शेवटचे असावे.

प्रत्यक्ष काम करताना पहिली अट अशी, की इंजिन पूर्ण थंड असावे. दाबाखाली असलेले 50:50, म्हणजे निम्मे पाणी मिसळलेले, कूलंट सुमारे 129 अंशांपर्यंत उकळत नाही, आणि गरम असताना झाकण उघडले की दाब एकदम सुटून ते तोंडावर उसळते. अशा भाजण्याच्या जखमा गंभीर असतात. थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडून आतली पातळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीत कूलंट खुणेपर्यंत आहे म्हणून रेडिएटर भरलेला आहे, असे मानू नये. इंजिन थंड होताना रेडिएटर त्या टाकीतून कूलंट ओढून घेतो, पण झाकणातील छोटी झडप खराब झाली किंवा मधल्या नळीला तडा गेला, तर टाकी भरलेली राहते आणि रेडिएटर मात्र वरून रिकामा होत जातो. आमच्या गाडीत टाकी अगदी खुणेवर होती आणि रेडिएटरची पातळी तोंडापासून दोन बोटे खाली होती.

नरसाळे बसवण्यापूर्वी गाडीचे नाक वर असेल अशा चढावर ती उभी करावी, म्हणजे रेडिएटरचे तोंड सर्वांत उंच बिंदू होते आणि हवेला तिकडे यायला वाट मिळते. योग्य मापाचे जोडझाकण शोधणे, हे या कामातले खरे कसब आहे. ते नेहमीच्या झाकणासारखे फिरवल्यावर घट्ट अडकले पाहिजे आणि त्याचे रबर सगळीकडून टेकले पाहिजे. कडाक्याच्या थंडीत रबर ताठ होते आणि नीट टेकत नाही, म्हणून संच रात्रभर गॅरेजमध्ये न ठेवता घरात ठेवावा आणि वापरण्याच्या वेळी बाहेर आणावा. त्यावर नरसाळे बसवून ते साधारण तृतीयांश भरेल एवढे कूलंट ओतावे, आतला हीटर सर्वांत गरम खुणेवर ठेवावा आणि इंजिन सुरू करावे. हीटर गरम खुणेवर ठेवण्याचे कारण असे, की काही गाड्यांत हीटरकडे जाणाऱ्या कूलंटच्या वाटेवर एक व्हॉल्व्ह असतो आणि तो बंद राहिला तर कोरमधील हवा तिथेच अडकून राहते. ब्लोअर मात्र मंद ठेवावा, नाही तर कूलंट तापायला उगाच वेळ लागतो.

सुरुवातीला बारीक बुडबुड्यांची एक सतत माळ वर येते. मग काही मिनिटे काहीच घडत नाही, आणि इथे अनेक जण काम संपले असे समजून नरसाळे काढतात. पण थर्मोस्टॅट अजून उघडलेला नसतो. तो उघडण्याच्या सुमारास नरसाळ्यातील पातळी आधी बोटभर वर चढते, मग अचानक आत ओढली जाते, आणि त्याच क्षणी मुठीएवढा एक बुडबुडा तळातून सुटून वर येऊन फुटतो. आमच्या गाडीत असे तीन मोठे बुडबुडे आले आणि नरसाळ्यातील कूलंट जवळजवळ तळाला गेले. मी वरून ओतत राहिलो. अर्धपारदर्शक प्लास्टिकचे महत्त्व इथे कळते, कारण पातळी आणि बुडबुडे दोन्ही बाहेरून दिसतात आणि वाफेवर वाकून पाहावे लागत नाही. मधूनमधून जाड हातमोजा घालून वरची मोठी नळी हळूच दाबावी, म्हणजे कोपऱ्यात चिकटलेली हवा सुटते. इंजिनाचा पंखा दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत आणि त्यानंतरही काही मिनिटे एकही बुडबुडा येत नाही तोपर्यंत थांबावे. उणे 20 अंशांच्या दिवशी हे काम हाती घेऊ नये. उभ्या गाडीचे इंजिन त्या थंडीत तापतच नाही, थर्मोस्टॅट उघडायला तासभर लागू शकतो आणि पंख्याची वाट पाहणे व्यर्थ ठरते. आम्ही गोठणबिंदूच्या जरा वर गेलेल्या दिवसाची वाट पाहिली आणि ते योग्य ठरले. काम झाल्यावर सिग्नलवरही झरोक्यातील हवा 57 अंशांवर टिकून राहिली आणि परतीची नळी 70 च्या वर गेली. खळखळ पूर्ण थांबली.

या नरसाळ्याचा आणखी एक गुण मला हीटरच्या ऊबेइतकाच मोलाचा वाटतो, आणि तो म्हणजे बुडबुडे थांबले नाहीत तर तेही एक निदानच असते. इंजिन तापून अर्धा-पाऊण तास झाला, मोठी हवा निघून गेली, तरीही बारीक बुडबुडे अखंड येत राहिले आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर ते वाढले, तर ती अडकलेली हवा नसते. हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्याचे डोके यांच्यामधल्या सीलमधून, ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये शिरत असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची चाचणी करून घ्यावी: रेडिएटरच्या तोंडावरील हवा त्या द्रवातून ओढली जाते, आणि ज्वलनाचे वायू असतील तर निळा रंग पिवळा होतो. हेड गॅस्केटचा दोष लवकर कळला तर निदान इंजिन तरी वाचते.

नरसाळ्याचा उपयोग कुठे होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. कोर गाळाने तुंबला असेल तर हवा काढून काही साधत नाही. दोन्ही नळ्या सोडवून कोरमधून उलट्या दिशेने बेताच्या दाबाने पाणी सोडावे लागते, आणि शेवटी त्यातील नळाचे पाणी काढून टाकून ऊर्ध्वपातित पाण्याने धुवावे लागते. मिनेसोटात जानेवारीत घराबाहेरचा नळ बंद केलेला असतो, त्यामुळे हे काम गरम गॅरेज असलेल्यांनीच काढावे. कोर तुंबण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे गळती थांबवण्यासाठी कूलंटमध्ये ओतले जाणारे चूर्ण किंवा द्रव. गळतीचे छिद्र बुजवणारा पदार्थ कोरमधील अरुंद नलिकाही बुजवतो, म्हणून तो मी कोणालाही सुचवणार नाही. शिवाय छोट्या इंजिनाची गाडी उणे 25 अंशांत बराच वेळ उभी ठेवून हीटर पूर्ण वेगाने चालवला, तर हवा काहीशी कोमट होणे हा दोष नसून त्या इंजिनाची मर्यादा असू शकते; मंद गतीने चालणारे छोटे इंजिन तेवढी उष्णता निर्माणच करत नाही. तिथे विजेवर चालणारा ब्लॉक हीटर लावून इंजिन आधीच कोमट ठेवणे आणि सुरू केल्यावर फार वेळ उभे न राहता शांतपणे गाडी चालवू लागणे, हे अधिक उपयोगाचे असते.

काही गाड्यांच्या रेडिएटरला स्वतंत्र झाकणच नसते. दाबाखालील प्लास्टिकची टाकी हेच भरण्याचे तोंड असते. त्यांतील काहींना संचातील एखादे जोडझाकण बसते, काहींना बसत नाही, म्हणून खरेदीपूर्वी वेष्टनावरील यादी आपल्या गाडीशी ताडून पाहावी. ज्यांत विजेवर चालणारा पाण्याचा पंप आहे, त्या गाड्यांत हवा काढण्याची ठरावीक पद्धत गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेली असते आणि तीच पाळावी. काही गाड्यांत थर्मोस्टॅटच्या कवचावर हवा सोडण्याचा छोटा स्क्रूही असतो. तो असेल तर नरसाळ्यासोबत त्याचाही वापर करावा. गॅरेजवाले अनेकदा निर्वात पद्धतीचे यंत्र वापरतात: ते आधी शीतन-व्यवस्थेतील हवा खेचून घेते आणि त्या पोकळीत कूलंट ओढले जाते. ती पद्धत निश्चितच अधिक जलद आणि खात्रीची आहे, पण तिला कंप्रेसर लागतो आणि घरगुती वापरासाठी तो खर्च परवडणारा नाही.

कूलंटची निवड रंगावरून करू नये. हिरवा, नारिंगी, गुलाबी, निळा हे रंग निरनिराळ्या कंपन्या आपापल्या पद्धतीने घालतात. गाडीच्या पुस्तकात दिलेला प्रकार हाच खरा आधार. तयार मिश्रण घेतले असेल तर त्यात पाणी घालू नये. घट्ट कूलंट घेतले असेल तर ते निम्मे पाणी घालूनच वापरावे, कारण कूलंटमधले मुख्य रसायन असलेले इथिलीन ग्लायकॉल निव्वळ असेल तर सुमारे उणे 13 अंशांनाच गोठते, तर निम्मे-निम्मे मिश्रण उणे 37 अंशांपर्यंत द्रव राहते. उन्हाळ्यात पातळी कमी झाली म्हणून वारंवार नुसते पाणी घातलेल्या गाड्यांत हिवाळ्यात रेडिएटरमध्ये बर्फाचा लगदा होतो. मग इंजिन जास्त तापते आणि त्याच वेळी हीटर थंड हवा देतो, असे चमत्कारिक चित्र दिसते.

पुणे-नाशिककडच्या वाचकांना हीटरचा हा सगळा पसारा परका वाटेल, पण अडकलेल्या हवेचा त्रास तिकडेही होतो. कूलंट बदलल्यावर हवा राहून गेली, तर एप्रिल-मे महिन्यांत घाट चढताना इंजिन तापते, आणि तापमानाच्या सेन्सरभोवती हवा असेल तर काटाही चुकीचे सांगतो. त्यामुळे रेडिएटरला स्वतंत्र झाकण असलेल्या गाडीचे कूलंट जे स्वतः बदलतात, त्यांना असे नरसाळे महाराष्ट्रातही तितकेच उपयोगी आहे. ज्यांना बोनेट उघडण्याची सवय नाही, त्यांनी मात्र नळ्यांचे तापमान मोजून दोन आकडे लिहून घ्यावेत आणि ते गॅरेजवाल्याला दाखवावेत. आकडे समोर ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलणे लगेच मुद्द्यावर येते.

हे काम बंद गॅरेजमध्ये कधीही करू नये. इंजिन अर्धा तास किंवा त्याहून अधिक चालू ठेवावे लागते आणि कार्बन मोनॉक्साइडला रंग किंवा वास नसतो. थंडी वाजते म्हणून गॅरेजचे दार अर्धवट ओढून घेण्याचा मोह जिवावर बेतू शकतो. गाडी पूर्णपणे बाहेर काढूनच इंजिन सुरू करावे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते, म्हणून जमिनीवर सांडलेला प्रत्येक थेंब पाण्याने धुऊन पुसून घ्यावा, विशेषतः घरात कुत्रा, मांजर किंवा लहान मूल असेल तर. काम झाल्यावर नरसाळे आणि जोडझाकणे धुऊन वाळवून ठेवावीत. इंजिन रात्रभर थंड झाल्यावर रेडिएटरची पातळी पुन्हा पाहावी, कारण पहिल्या एक-दोन फेऱ्यांत थोडी हवा आणखी निघते आणि टाकीतील कूलंट खाली उतरते. आमच्या टाकीत दुसऱ्या दिवशी कपभर घालावे लागले आणि त्यानंतर पातळी हललेली नाही. निघालेले जुने कूलंट गटारात किंवा बर्फावर न ओतता झाकणाच्या बाटलीत भरून ठेवावे. मिनियापोलिस ज्यात येते त्या हेनेपिन काउंटीच्या (जिल्ह्याच्या) ब्लूमिंग्टन आणि ब्रुकलिन पार्क येथील केंद्रांवर ते घरगुती घातक कचरा म्हणून देता येते; बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेले असावे आणि त्यात इंजिन ऑइल मिसळलेले नसावे.